खांबेटेबाईंचा संशय

डॉ. मालती खांबेटे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या नांदे गावच्या गोठ्यात. सुती साडीवर रबरी गमबूट घालून त्या वाकून गव्हाणीची खोली वितीने मोजत होत्या. म्हशी विकून टाकल्यामुळे गोठा रिकामा पडला होता, आणि रिकाम्या जागेकडे निरखून पाहणारा माणूस म्हणजे जमिनीचा एजंट, हे त्या दिवसांत आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. हिंजवडीला काचेच्या इमारती उठत होत्या, आणि नांदे-चांद्याच्या बांधावर रोज कुणी ना कुणी गॉगलवाला गाडी थांबवून उभा राही.

माझे सासरे तात्या बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत. "कुनाच्या वतीनं आलाय?" त्यांनी विचारले.

"माझ्याच," बाई म्हणाल्या. "मला इथं शेवाळ वाढवायचं आहे."

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. शेवाळ ही आमच्याकडे हौदातून खरवडून टाकायची गोष्ट. ते मुद्दाम वाढवायला कुणी भाडे देत असेल तर त्यात नक्की काहीतरी काळेबेरे असणार, असे आम्हा दोघांचेही मत पडले. तेवढ्यात बाईंनी आमच्या विहिरीचे पाणी ओंजळीत घेऊन हुंगले आणि उलट तात्यांनाच विचारले, "वरच्या शेतातलं फवारणीचं औषध या विहिरीत उतरतं का? खरं सांगा." तात्या चांगलेच भडकले. म्हणजे संशय दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी सुरू झाला, आणि माझ्या मते आमचे जमले ते त्यामुळेच.

बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे सहकारी आणि पुण्याच्या महाविद्यालयातले विद्यार्थी त्यांच्या अध्यापनाविषयी अधिकाराने लिहितीलच. मी त्यांची गोठ्यातली विद्यार्थिनी. जीवरसायनशास्त्र शिकवण्यातून निवृत्त झाल्यावर, लोक यात्रेला जातात त्या वयात, बाई नांद्याला येऊन शेवाळाच्या टाक्या बांधत होत्या. मी रसायनशास्त्रातली पदवी घेऊन या घरात सून म्हणून आले होते आणि ती पदवी ट्रंकेत साड्यांखाली पडली होती. बाईंना हे कळले तेव्हा त्यांनी कौतुक केले नाही. "पदवी आहे? बरं. पिपेट धरून दाखव," एवढेच म्हणाल्या. मी ती चुकीच्या बोटाने धरली. त्यांनी ते पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून मला कामावर घेतले.

काम काय होते ते वाचकांना सांगायला हवे. उथळ टाक्यांत, सोडा घातलेल्या पाण्यात, एक नीलहरित सूक्ष्म शेवाळ वाढते. ते बारीक कापडातून गाळायचे, पिळायचे आणि सावलीत वाळवायचे. त्यात प्रथिन भरपूर. बाईंना हवे होते त्या प्रथिनाचे तुकडे, म्हणजे पेप्टाइडे. मला त्यांनी ते स्वयंपाकघरातून समजावले. मटण शिजत नसले की आपण कच्च्या पपईची फोड टाकतो, तेव्हा पपईतले विकर, म्हणजे एन्झाइम, मांसातल्या प्रथिनाच्या लांब माळा कातरते. तशीच कात्री शेवाळाच्या प्रथिनावर चालवायची. माळ तुटली की काही छोटे तुकडे असे निघतात, जे शरीरात पेशींची नासधूस करत फिरणाऱ्या उनाड रेणूंना गप्प बसवू शकतील. यालाच अँटिऑक्सिडंट गुण म्हणतात. तो आहे की नाही हे पाहण्यासाठी एक गडद जांभळे द्रावण असते. त्यात नमुना टाकायचा. गुण असेल तर जांभळा रंग उडतो आणि द्रावण पिवळसर होते.

"उडतो तो रंग," बाई दर वेळी बजावत. "रोग नाही."

बाईंचा स्वभाव संशयी आहे, हे त्यांच्या गौरवग्रंथात लिहिताना मला मुळीच संकोच वाटत नाही. भाजीवालीला त्या मेथी कुठल्या पाण्यावर वाढली ते विचारत. तराजूवर एकच वस्तू सकाळी आणि दुपारी तोलून पाहत, तराजू दिवसभरात बिघडला तर नाही ना म्हणून. मी एखादा आकडा सांगितला की "कशावरून?" हा प्रश्न ठरलेला. सुरुवातीला मला तो अपमान वाटे. पुढे घरात यजमान "बिल भरलं" म्हणाले की मीही "कशावरून?" म्हणू लागले, तेव्हा यजमानांनी बाईंना दोष दिला.

तात्यांवरही त्यांची नजर असे. तात्यांना रक्तदाबाचा विकार. गोठ्याची आता शेड झाली होती; तिथल्या माठातले पाणी घरच्यापेक्षा गार, म्हणून न्याहारी झाली की ते मुठीत गोळी घेऊन शेडमध्ये येत. बाई हातातले काम थांबवून विचारत, "तात्या, पाणी प्यायलात का?" म्हणजे गोळी गिळलीत का. तात्या तोंड उघडून दाखवत आणि म्हणत, "घ्या, झडती घ्या." दोघेही एकमेकांकडे अशा नजरेने पाहत, जणू काही दुसऱ्याने विहिरीत विष टाकले आहे. तरी हा कार्यक्रम एकही दिवस चुकत नसे.

एका थंडीत टाक्यांमधून पहिले चांगले पीक निघाले. वाळवून डब्यात भरले. बाई ते तपासायला पुण्याच्या आपल्या जुन्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. तिथले यंत्र थोड्याच वेळासाठी मिळाले, त्यामुळे त्या दिवशी फक्त विकराने कातरलेल्या नमुन्याची चाचणी झाली. जांभळे द्रावण क्षणात फिके पडले. तिथले जुने सहकारी टाळ्या वाजवू लागले. असा निकाल त्यांनी कधी पाहिला नव्हता.

बाई परत आल्या आणि लगेच वही उघडून बसल्या. मी पेढे आणू का म्हटले तर म्हणाल्या, "इतकं चांगलं काही माझ्या आयुष्यात पहिल्या झटक्यात झालेलं नाही. थांब."

पण बातमी थांबत नसते. त्या सहकाऱ्यांपैकी कुणीतरी एका पावडरवाल्या गृहस्थांच्या कानावर ती घातली. हे गृहस्थ डब्यांतून शक्तिवर्धक पावडरी विकत आणि सदा टाय घालत, म्हणून आमच्याकडे त्यांचे नाव टायवाले पडले. ते गाडी घेऊन आले, टाक्या पाहिल्या, हिरव्या पाण्यापुढे उभे राहून फोटो काढून घेतला. "मॅडम, नॅचरल पेप्टाइड, हार्टसाठी बेस्ट, बीपी कंट्रोल. पब्लिक लाइन लावेल," असे ते अंगणात मोठ्याने बोलत होते. गावातल्या बायकांना टाक्यांवर काम मिळेल, घरोघरी टाक्या होतील, हेही त्यांनीच सांगून टाकले. बाई दरवेळी म्हणत होत्या, "अजून काही सिद्ध झालेलं नाही." लोकांना तो विनय वाटला. मला मात्र टायवाल्यांचे हसू पहिल्यापासून आवडले नव्हते. ज्याने माल अजून तपासला नाही तो मालाची एवढी स्तुती का करतो?

त्यानंतरच्या आठवड्यांत बाईंचा मुक्काम बहुतेक पुण्यातच होता. यंत्र मिळेल तेव्हा त्या चाचणी पुन्हा करत होत्या, आणि या खेपेला कातरलेल्या नमुन्याबरोबर न कातरलेलाही तपासत होत्या. एके दिवशी सकाळी त्या पहिल्या बसने आल्या, गमबूट न घालताच शेडमध्ये शिरल्या आणि फळीवरचा डबा माझ्यापुढे ठेवला.

"रंजना, यात काय घातलंस?"

"मी? काही नाही."

"न कातरलेल्या नमुन्यानंही जांभळा रंग उडवला. तितक्याच झपाट्यानं. माळ तोडलीच नाही, तर मणी सुटले कसे? गुण पेप्टाइडचा नाही. डब्यात दुसरं काहीतरी आहे."

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. "बाई, मी तुम्हाला लबाड वाटते का?"

"नाही वाटत. म्हणून तर आधी तुला विचारलं. ज्याच्यावर संशय येत नाही त्याला आपण विचारत नाही, आणि चूक नेमकी तिथंच बसलेली असते."

हे वाक्य मला आज मोलाचे वाटते. त्या क्षणी मात्र मी डोळे पुसत टाकीतले पाणी ढवळत उभी राहिले. एवढ्यात तात्या आले. माठातले पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि बाईंना पाहून खुशीत म्हणाले, "बाई, तुमच्या पावडरीवर पानी लई ग्वाड लागतंया."

बाईंनी मान वळवली. "काय म्हणालात?"

"ग्वाड लागतंया. साखर टाकल्यावानी."

बाईंनी डब्यातली चिमूट जिभेवर ठेवली, चघळली, तोंड वाकडे केले आणि माठातले पाणी प्यायल्या. मग ग्लास माझ्या हातात दिला. मीही तसेच केले. तुरट, आंबट, आणि वर पाणी गोड. शाळेच्या वाटेवर आवळे खाऊन नळाला तोंड लावलेल्या कुणालाही ही चव विचारावी लागत नाही.

"आवळा," मी म्हणाले.

मला वाटले, बाई आता आवळा कुणी घातला ते विचारतील. त्यांनी ते विचारलेच नाही. त्या तात्यांच्या रिकाम्या मुठीकडे पाहत होत्या.

"तात्या, गोळी कुठं आहे?"

"आता गोळी कशाला?" तात्या हसले. "पावडर खातोय की. टायवालं म्हनालं न्हाई का, बीपी कंट्रोल?"

"गोळी कधीपासून बंद आहे?"

"तुमी पुन्याला गेल्यापास्नं. इचारनारंच कोन न्हवतं."

पी हळद अन् हो गोरी, असे आपण दुसऱ्यांना हसतो. आमच्याच घरात ते चालले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. तात्यांचे डोके दुखत होते, डोळ्यांना धूसर दिसत होते, आणि आम्ही चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणत होतो. बाईंनी माझ्या यजमानांना गाडी काढायला लावली. पिरंगुटच्या डॉक्टरांनी रक्तदाब एकदा मोजला, पट्टा सोडून पुन्हा मोजला, आणि यांना घरी नेऊ नका, इथूनच थेट पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, असे सांगितले. वाटेत तात्यांचा डावा हात बधिर झाला. ते हात चाचपत पुन्हा पुन्हा विचारत होते, "ह्यो माजाच हाय का?" मला त्या रस्त्याचे एकेक वळण आजही आठवते आणि नकोसे वाटते.

तात्या वाचले. हातातली ताकदही हळूहळू परत आली. पण तो दिवस बाईंनी दवाखान्याच्या बाकावर ताठ बसून काढला. मी चहा आणला तो त्यांनी हुंगलासुद्धा नाही, तसाच प्यायल्या. मी म्हटले, "बाई, पावडरीत आवळा होता, त्यात तुमचा काय दोष?"

"आवळा कुणी घातला हा छोटा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "अंगणात तो माणूस मोठ्यानं बोलत होता आणि मी हळू आवाजात नाही म्हणत होते. मी मोठ्यानं नाही म्हणायला हवं होतं."

आवळा कुणी घातला ते त्याच संध्याकाळी कळले. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, दवाखान्यातून घरी आल्यावर स्वतःच माझ्याजवळ येऊन बसल्या. आमच्या घरची रीत अशी, की नवे पीक आले की पहिली ओंजळ देवापुढे आणि दुसरी घरच्या कर्त्या पुरुषापुढे. शेवाळ का असेना, गोठ्यात पिकले म्हणजे घरचेच. आत्याबाईंनी मी नसताना डबा देवघरात नेला, झाकण उघडले, तर आतून मासळीसारखा वास. "देवाला सुकटीचा वास कसा दावायचा गं?" त्या म्हणाल्या. म्हणून त्यांनी घरी कुटलेले आवळ्याचे चूर्ण सढळ हाताने डब्यात कालवले, ओंजळ देवापुढे ठेवली, तात्यांसाठी वाटीभर काढून घेतले आणि डबा होता तिथे नेऊन ठेवला. आवळ्यात तो गुण जात्याच भरपूर. चाचणीतला जांभळा रंग आमच्या देवघराने उडवला होता.

बाई नांद्याला आल्यावर मी हे त्यांना सांगितले तेव्हा आत्याबाई दाराआड उभ्या होत्या. बाई आत गेल्या आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "वास मलाही येतो हो," म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी देवाचा वाटा आधी वेगळा काढू, मग डब्याला झाकण लावू." आत्याबाई रडल्या. बाईंना रडणाऱ्या माणसाचे काय करायचे ते कळत नाही. त्या आत्याबाईंनी दिलेला चहा दोनदा प्यायल्या.

पुढच्या रविवारी मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात लोक जमले. टायवाले बाईंशी पावडरीचा करार करायला आले होते. बाई उभ्या राहिल्या आणि या खेपेला मोठ्याने बोलल्या. "चाचणी चुकली. डब्यात आवळा मिसळला होता. माझ्या देखरेखीत चूक झाली. हा निकाल मी मागे घेते." आत्याबाई बायकांत बसल्या होत्या. बाईंची नजर चुकूनही तिकडे गेली नाही.

मांडवात कुजबुज झाली. टाक्यांच्या कामाची आस धरलेल्या एक काकू उठल्या. "आवळा तर आवळा. गुन आला नव्हं? घालूनच इका की."

"मग आवळा म्हणून विका, काकू. शेवाळाच्या नावावर नको."

टायवाले हसत म्हणाले, "मॅडम, कस्टमरला काय फरक पडतो? रिझल्ट तर मिळाला ना?"

"तुमचा पहिला कस्टमर दवाखान्यात आहे," बाई म्हणाल्या. "त्यानं गोळी सोडली, कारण तुम्ही बीपी कंट्रोल म्हणालात आणि मी तुम्हाला बोलू दिलं. उद्या नळीतला निकाल खरा निघाला, तरी तो नळीतलाच असेल. ते तुकडे पोटात टिकतात का, रक्तात पोहोचतात का, तिथं काही करतात का, यातलं मला काहीच माहीत नाही. माहीत नसलेलं मी डब्यावर छापू देणार नाही."

टायवाले गेले ते पुन्हा आले नाहीत. गावाने मात्र बाईंच्या खरेपणावर लगेच विश्वास ठेवला असे नाही. बाईंनी दुसऱ्या कुणाशी संधान बांधले असणार, आता शेड स्वतःच्या नावावर करून घेणार, अशी चर्चा चांद्यापर्यंत गेली. मी ती ऐकून भांडायला निघाले होते. बाईंनी मला थांबवले. "घेऊ देत संशय," म्हणाल्या. "टायवाल्यावर घेतला असता तर जास्त बरं झालं असतं. निदान सवय तरी लागेल."

टाक्या धुऊन पुन्हा भरल्या. नवे पीक निघाले, देवाचा वाटा आधी काढला आणि डब्याला बाईंनी कुलूप लावले. न कातरलेल्या नमुन्याने जांभळा रंग जेमतेम हलवला. कातरलेल्याने तो थोडा फिका केला. पूर्ण पिवळा नाही, नुसता फिका. आवळ्यापुढे ते काहीच नव्हते. पण या वेळी जे झाले होते ते माळ तुटल्यामुळे झाले होते. बाईंनी ती नळी खिडकीशी धरली, माझ्याकडे दिली, आणि मी त्यांना पहिल्यांदाच मोकळेपणी हसताना पाहिले. "एवढंसंच आहे," त्या म्हणाल्या, "पण आपलं आहे."

पुढची काही वर्षे आम्ही त्या एवढ्याशावर काम केले. शेवाळ हे प्रथिनासाठी चांगले अन्न आहे, त्याच्या पेप्टाइडांकडून आशा ठेवायला जागा आहे, पण ते औषध नाही आणि कुणाच्या गोळीच्या जागी तर नाहीच नाही, एवढेच बाई सांगत आल्या. मोठा दावा त्यांना सहज करता आला असता. त्यांनी मला पुढच्या शिक्षणाला बसवले, माझा प्रवेश होईपर्यंत माझ्यापेक्षा जास्त खेपा त्यांनीच घातल्या, आणि मी उत्तीर्ण झाले तेव्हा माझी गुणपत्रिका उजेडाकडे धरून तपासली. आज मी एका खाद्यपदार्थ तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. समोर आलेला प्रत्येक नमुना मला आधी लबाड वाटतो. ही बाईंची देणगी, आणि तिच्यावर माझे घर चालते.

आमच्या शेडच्या जागी आता चार मजली इमारत आहे. खोल्यांत लातूर-नांदेडकडची, कंपन्यांत काम करणारी मुले राहतात. बाई पुण्याला आपल्या घरी असतात. गेल्या वर्षी त्यांनाही रक्तदाबाचा विकार निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली. बाईंनी डॉक्टरांना "कशावरून?" विचारले, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा मोजून घेतले, आणि मग गोळी घ्यायला लागल्या, असे त्या सांगतात.

तात्यांचा यावर विश्वास नाही. ते आता थकले आहेत, ऐकायला कमी येते, पण नातवाने दिलेला मोबाइल न्याहारीनंतर न चुकता हातात घेतात. आख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "बाई, पानी पिलात का?" आणि उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवत नाहीत. बाईंनी मध्यंतरी माझ्याकडे तक्रार केली, "रंजना, तुझे सासरे माझ्यावर संशय घेतात गं." मी म्हटले, "घेऊ देत."

या लेखाच्या शेवटी बाईंना दीर्घ आणि निरोगी आयुष्य चिंतावे, अशी रीत आहे. मी ते मनापासून चिंतते. आमच्या घराच्या वतीने काय लिहू, असे मी तात्यांना विचारले, तेव्हा ते माठाकडे गेले, पाणी प्यायले, मिशा पुसल्या.

"शंभर वर्सं जगा आसं लिवू नगं," मग म्हणाले. "बाई म्हनत्याल, कशावरून? तू लिव, उद्या सकाळी बी इचारनार हाय."